दोन नाक्यांमधली रुग्णवाहिका

अनंतराव खांबेटे सरांची आणि माझी पहिली भेट नागोयाजवळच्या आमच्या यार्डात झाली. जुन्या जपानी गाड्या आफ्रिकेत पाठवणाऱ्या कंपनीत मी गाड्या तपासण्याचे काम करतो. सर इथल्या विद्यापीठातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी आफ्रिकेचे अर्थकारण शिकवले. डिप्लोमा अर्धवट सोडून आलेल्या मला त्यांनी "अहो, बसा ना" म्हणून शेजारी बसवले आणि कोणती गाडी कुठल्या बंदरात उतरते ते विचारले. पुढे मी त्यांच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागलो.

आफ्रिकेतील देशांनी एक बाजारपेठ, एक नियम आणि शेवटी एक राजकीय सत्ता उभारावी, हे सरांचे आग्रहाचे म्हणणे. एकेकटा छोटा देश आपले तांबे, आपला कोको मोठ्या गिऱ्हाइकाच्याच भावाने विकतो, असे ते सांगत. एकदा आमच्यातले कुलकर्णीसान हसून म्हणाले, "सर, इथे मूठभर मराठी माणसं, तरी दोन गणपती बसतात. तुम्ही अख्खा खंड एक करायला निघालात!"

"दोन्हीकडे वर्गणी मीच देतो हो," सर म्हणाले. "फुटीचा खर्च मला विचारा."

सरांची जुनी विद्यार्थिनी ग्रेस समुद्रकिनारा नसलेल्या एका देशात दवाखाना चालवते. तिच्यासाठी सरांनी इथल्या एका गावाची वापरातून काढलेली रुग्णवाहिका मिळवली. मी ब्रेक तपासत असताना सर स्वतः टॉर्च धरून उभे राहिले. "निलेश, तिथले रस्ते वाईट आहेत. पुन्हा एकदा बघ रे."

गाडी शेजारच्या देशातल्या बंदरात उतरून ग्रेसकडे जाणार होती, आणि ठरावीक वयाहून जुनी गाडी दोन्ही देश आत घेत नाहीत. बंदराच्या देशात हे वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात. ग्रेसच्या देशात ती कारखान्यात बनल्यापासून. आम्ही नेहमी बंदराच्याच देशाला गाड्या पाठवत असू. शेजारीही तसेच मोजत असतील, असे आम्ही सारेच धरून चाललो. काही महिन्यांच्या फरकाने गाडी म्हातारी ठरली. ग्रेसचा देश तिला आत घेईना; गाडी तिथून पुढे नेण्याच्या परवान्याची मुदत संपली म्हणून बंदराचा देश परत घेईना. दोन नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात ती आजही उभी आहे.

ग्रेस फोनवर जपानीत म्हणाली, "सर, मला ती इथून दिसते. काल एका अडलेल्या बाईला आम्ही सायकलवरून आणलं."

सरांनी दोन्ही राजधान्यांकडे दाद मागितली. दोन्हीकडून सहानुभूती आली. "करार राजधानीत होतात रे," सर म्हणाले, "शिक्का मारणारा नाक्यावर असतो. दोन्ही नाक्यांचा साहेब एकच होईपर्यंत हे असंच." मग त्यांनी विचारले, "इतकी वर्षं शिकवलं, ते कुणी ऐकलं का?" सरांचे म्हणणे बरोबर ठरले, याचाच मला जास्त त्रास होतो.

पंचाहत्तरीच्या सत्काराला सर नको म्हणाले. "गाडी पोहोचली की करा." तेवढे थांबायला आम्ही धजलो नाही, म्हणून हा सत्कार आजच. सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. खंड एक करण्याच्या या कामाला एका माणसाचे आयुष्य पुरेल, असे मला वाटत नाही. तरीही जितके असेल तितके सगळे त्यांना मिळो.