रंग कोणता, सांगा

मास्तरांनी आयुष्यात कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते जंगलातले वाटाडे होते. अंधार पडला की पाच-सहा हौशी माणसांना मागे घ्यायचं, दोन तास रान फिरवायचं, भेटेल ते जनावर दाखवायचं आणि मुंडकी मोजून सगळ्यांना फाटकाबाहेर सोडायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं झाली. 'मास्तर' हे नाव मात्र गेल्या वर्षभरात पडलेलं.

पूर्वी ते झपझप पुढे चालायचे आणि नुसतं बोट दाखवायचे. "तो ससा. तो कोल्हा." आता ते थांबत, कपाळावरची बॅटरी झुडपांकडे वळवत आणि विचारत, "चमकतंय काही? रंग कोणता, सांगा."

उजेडात जनावरांचे डोळे चमकतात. कुणीतरी म्हणे, "हिरवट पांढरा."

"जमिनीपासून किती?"

"कमरेएवढा."

"मग हरीण. आणखी कुणाला काही?"

"तांबडा. अगदी जमिनीलगत."

"रातवा. पक्षी आहे, वाटेवरच बसतो. पाय जपून."

लोक खूश. हा माणूस नुसतं दाखवत नाही, शिकवतो! अभिप्रायाच्या वहीत त्यांच्या कौतुकाची तीन पानं भरली होती.

खरी गोष्ट अशी, की मास्तरांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री बॅटरीचा उजेड पानांवर पडला की समोर नुसता पिंजलेला कापूस. वाट पायांना पाठ होती, म्हणून चाललं होतं.

"वीस मिनिटांचं काम," डॉक्टर म्हणाले होते. "सोबत कुणालातरी आणा. या कागदावर त्यांचं नाव, नातं, सही. आणि पुढे महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला माणूस लागेल."

मास्तरांनी कागद घरी आणला आणि साखरेच्या डब्याखाली ठेवला. त्याला आठ महिने झाले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ होता, पण त्याच्याशी असलेलं बोलणं बायकोच्याही आधी वारलं होतं. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर ते बसत, दुसरीवर स्वेटर. नाव कुणाचं लिहायचं? आणि फाटकावर सांगावं, तर रात्रीची फेरी त्याच दिवशी बंद. चोवीसांतले बावीस तास त्यांच्याशी कुणी बोलत नसे. उरलेले दोन त्यांना गमवायचे नव्हते.

तिकिटाच्या खिडकीत एक तरुण बसायचा. बोलणं टोचरं, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणत.

"काय मास्तर," त्या संध्याकाळी तो म्हणाला, "काल तुम्ही खुंटीवरच्या माझ्या रेनकोटाला 'चल, उशीर होतोय' म्हणालात."

"तुझ्यापेक्षा बरा. उलटून बोलला नाही."

त्या रात्री पाचजण होते. एक नवं जोडपं, दोन मित्र आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या एक बाई. दोन हरणं झाली, एक ससा झाला. ओढ्याच्या वळणावर मास्तर थांबले. वारा पाठीमागून होता, त्यामुळे नाकाला काही कळेना.

"चमकतंय काही? रंग कोणता, सांगा."

पाच बॅटऱ्या फिरल्या. "काहीच नाही, मास्तर."

"मग चला."

त्यांनी पाऊल टाकलं आणि समोरच्या काळोखातून एक जाड, रागीट हुंकार आला. बाईंनी त्यांच्या पिशवीचा पट्टा धरून इतक्या जोरात मागे खेचलं, की ते जवळजवळ बसलेच. तीन हातांवरून रानडुकरीण धडधडत वाट ओलांडून गेली. मागोमाग पिल्लांची माळ.

डुकराचे डोळे चमकत नाहीत. पूर्वी मास्तर हे फाटकापाशीच सांगायचे. पण तेव्हा त्यांना चमक लागायचीच नाही. डुकराचं काळं धूड आपोआप दिसायचं. आता सगळा भरवसा चमकेवर होता आणि डुकराचं सांगायचं राहून गेलं होतं.

"भारी, मास्तर!" एक मित्र धापा टाकत हसला. "मुद्दाम फसवलंत ना आम्हाला? हा धडा जन्मात विसरणार नाही!"

मास्तरांनी मुंडकी मोजली. पाच. पुन्हा मोजली, या वेळी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून.

परतताना बाई त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. जरा वेळानं हलकेच म्हणाल्या, "तुम्ही आधी पाय टेकवता, मग वजन टाकता. आमच्या दुकानात येणारे म्हातारे पायरी अशीच उतरतात."

मास्तरांनी पुढचं पाऊलही तसंच टाकलं.

"ते रंगाचं तुम्ही आम्हाला शिकवत नव्हतात. खरंच विचारत होतात ना?"

"हो," मास्तर म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हे त्यांनी कुणाला तरी सांगितलं, आणि तेही जिचं नाव ठाऊक नाही अशा बाईला. फाटकापाशी बाई गाडीत बसून निघून गेल्या. वहीत मित्रांनी आणखी अर्धं पान कौतुक लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी कागद खिडकीतून आत सरकवला. त्यावर साखरेच्या डब्याचा गोल उमटला होता.

टाचणीनं वाचला. "म्हणजे तो माझा रेनकोट..."

"हो."

"आणि काल ते डुकराचं?"

"तेही. आजपासून फेरी बंद ठेव." मास्तरांनी खिडकीची चौकट धरली. "तिथे एक नाव लागतंय."

टाचणीनं बराच वेळ कागद उलटसुलट केला. "मंगळवारी माझी सुट्टी असते," तो शेवटी म्हणाला. "पण रस्त्यात हात धरून नेणार नाही, आधीच सांगून ठेवतो. लोक हसतील." पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. "नातं काय लिहू?"

"राहू दे मोकळं."

"मोकळं चालत नाही. मी तिकीटसुद्धा मोकळं फाडत नाही." त्यानं काहीतरी खरडलं आणि कागद परत दिला.

"काय लिहिलंस?"

"दिसायला लागलं की वाचा."

अंधार पडला. फेरीची वेळ आली आणि गेली. मास्तर खोलीत खुर्चीवर बसले होते, समोर स्वेटर. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. अक्षरं दोन होती की चार, तेही कळेना. रंग तेवढा कळत होता. तांबडा, तिकिटांवर तारीख घालायच्या पेनाचा.