तीन तालुक्यांत पसरलेलं कपाट

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ या वयात सावकाश वळते) लोक देवदर्शनाला जातात, धरणं पाहायला जातात. आम्ही ऑगस्टअखेर एका कपाटाला गेलो. जुन्या शिसवी फर्निचरवरचं शिंपल्याचं जडावकाम पाहण्याची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी हा वृत्तान्त. अडचण एवढीच की हे कपाट तीन तालुक्यांत पसरलेलं आहे. ते पूर्ण पाहायला तीन दिवस, एक टेम्पो आणि थोडा निर्लज्जपणा लागतो.

कपाट आमच्या खालच्या मजल्यावरच्या विमलताईंचं. म्हणजे त्यांच्या मते. वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही करताना त्या तिघा भावांना म्हणाल्या होत्या, "जमीन तुमाला. मला फक्त आईचं कपाट द्या." भाऊ न्यायप्रिय. बहीण जमिनीऐवजी कपाट मागते, अर्थात कपाट जमिनीहून मोलाचं असणार, असा सिद्धान्त मांडून त्यांनी कपाटाचीही वाटणी केली. थोरल्याला सांगाडा, मधल्याला दोन दारं, धाकट्याला खालचा लांब ड्रॉवर. मी चार वर्षं न्यायशास्त्र (कायदा नव्हे, तर्क) शिकलो. असलं अनुमान आमच्या गुरुजींनाही सुचलं नसतं.

पुढे वीस वर्षं ताई दर राखीला विचारत, "कपाट कधी देताय?" आणि प्रत्येक भाऊ म्हणे, "बाकीच्या दोघांनी दिलं की लगेच." यंदा त्यांनी थेट टेम्पोच ठरवला. "सर, तुमीपण चला. तुमाला जुन्या लाकडातलं कळतं." मला कळत नाही, आवडतं. हा फरक मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

पुण्याहून पहाटे पाचला निघा, नाहीतर शिक्रापुरापर्यंत ब्रेकवरच पाय ठेवावा लागतो. शिरूरच्या पुढे मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, पाव मागाल तेवढे. आठच्या सुमारास पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीजवळच्या एका वस्तीवर पोचलो. मधले बंधू भाऊसाहेब इथे सासुरवाडीच्या शेतावर असतात. घरामागे उघड्यावर न्हाणी, आणि न्हाणीला आमची दारं. दोन मोर, त्यांभोवती वेल, सगळं शिंपल्याचं. कोवळ्या उन्हात पिसारा एका बाजूनं निळा दिसे, दुसऱ्या बाजूनं गुलाबी. मी भारावून चष्मा पुसत होतो, तेवढ्यात मोराआडून तांब्याचा आवाज आला.

"कोन हाय?"

"मी विमल. दारं न्यायला आलेय."

तांब्या थांबला. "आत्ता?"

"अंघोळ उरकून घे."

"दादानं सांगाडा दिला का?"

"दिलाय."

"अन् नानानं ड्रॉवर?"

"त्यानं तर कालच."

दोन्ही थापा. भाऊसाहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि माझ्या काखेतली फाइल पाहून थबकले. फाइलीत अकरावीच्या उत्तरपत्रिका होत्या. प्रवासात तपासायला घेतलेल्या.

"ताई, वकील कशाला आनला? जमिनीचं काय काढलंय का?"

"मी संस्कृत शिकवतो," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. असंच सांगायचं असतंय."

वीस मिनिटांत दारं निघाली. त्यांच्या जागी कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स टांगला. त्यावर अकरा शुभेच्छुक हात जोडून हसत होते. वहिनी म्हणाल्या, "आता ह्यांच्यासमोर अंघोळ करायची व्हय?"

टेम्पोत मी ताईंना म्हटलं की हा असत्याचा प्रकार आहे. त्या म्हणाल्या, "तुमी कुठं खोटं बोल्ला? फक्त गप बसा. गप बसलेला वकील लई महाग वाटतो."

आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत संध्याकाळी भंडारदरा. अकोल्यापुढे रस्ता सुंदर आहे, म्हणजे बाजूचा. मधला खड्ड्यांचा आहे. धाकटे नाना धरणाकाठी तंबू भाड्यानं देतात, जेवणासकट माणशी नऊशे. वकिलाला फुकट, वर गरम पाण्याची बादली. पाऊस रात्रभर थांबला नाही. सकाळी नानांनी ड्रॉवर दाखवला. पुढच्या फळीवर शिंपल्याची कमळं, आत भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर खुडूक बसलेली कोंबडी.

"ताई, चार दिस थांब. पिल्लं निघू दे."

"कोंबडीसकट दे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. कोंबडीबाबत कायदा काय म्हणतो, हे मलाही माहीत नव्हतं. मी गप्प बसलो. कोंबडी टेम्पोत चढली.

पुणतांब्यापर्यंत ती एकदाही उठली नाही. एवढी एकाग्रता मी माझ्या वर्गात पाहिलेली नाही. दादांच्या शेतावर विहिरीशेजारी सांगाडा उभा होता. चहूबाजूंनी जडावकाम, वर पत्रा, आत विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर. वहिनींनी कोंबडीला अंड्यांसकट डालग्यात हलवलं आणि आम्हाला चहा दिला.

"लाईट हाय तवर हात लावता येत न्हाई," दादा म्हणाले. "पावसानं ओढ दिलीय. मका वाळायलाय." त्यामुळे आम्ही बांधावर बसून वीज जाण्याची वाट पाहू लागलो. महाराष्ट्रात हे करणारे आम्ही बहुधा पहिलेच. तासाभरानं दादा हळूच म्हणाले, "विमे, खरं सांग. हक्कसोड मोडायचा हाय का?"

"न्हाई. जमीन नगं म्हनले, ते नगंच. पन मागितलं ते द्यायचं हुतं, दादा."

दादांनी मक्याकडे एकदा बघितलं. मग उठून त्यांनी चालू मोटार बंद केली आणि स्वतःच स्टार्टर सोडवायला घेतला.

कपाट तिथेच बांधावर जुळवून पाहिलं. जुळेना. पारनेरकडे अंघोळीला एक बादली आणि ऊन बारा तास. दारं इतकी आक्रसली होती की दोन मोरांमध्ये बोटभर फट पडली. ड्रॉवर भंडारदऱ्याचं पाणी पिऊन फुगलेला, अर्ध्यातच अडला. दादांनी फोन लावून स्पीकर सुरू केला.

"नान्या, ड्रॉवर भिजवला का रं?"

"पाऊस काय मी पाडतो का? तुझाच सांगाडा वाकडा असंल!"

ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "सात वर्षांनी बोलत्यात."

पुण्यात सुतार म्हणाला, रंधा मारून देतो. ताई म्हणाल्या, नको, त्याला इथली हवा लागू दे. हौशी वाचकांसाठी ताळेबंद: टेम्पो नऊ हजार, तपासलेल्या उत्तरपत्रिका शून्य. भाऊसाहेबांना मी पत्र लिहून माझा व्यवसाय कळवला. त्यांचं उत्तर आलं, "साहेब, भाषा लईच कायद्याची हाय."

दारांची फट तशीच आहे. ड्रॉवरवर मात्र तिन्ही भावांचं लक्ष. दर रविवारी तीन फोन येतात: बसला का?

मार्चमध्ये एका रविवारी मी सहज ड्रॉवर ढकलला आणि तो अलगद, पुरता आत गेला. मी ओरडणार होतो, पण ताईंनी हात दाखवून थांबवलं. फोन वाजत होता.

"न्हाई रं दादा, अजून न्हाई बसला," त्या शांतपणे म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "असं काय बघताय, सर? वीस वर्षं मी विचारत हुते. आता जरा त्यांना विचारू द्या."