छातीतली नळी आणि माझी डॉक्टरकी

पुण्याहून परतताना मी लोणच्याआधी औषधं भरते. इथे आखातात, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला की बेल आमचीच वाजते, आणि मला त्याचा चांगलाच माज होता. यंदा नवऱ्यालाच ताप-खोकला आला. मी पिशवीतल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि उरलेल्या पुढच्या वेळेला होतील म्हणून परत ठेवून दिल्या.

दहा दिवसांनी ताप उलटला. बरगडीत कळा, दोन पावलं चालला तरी धाप. हॉस्पिटलात कळलं, फुप्फुसाभोवती पू साठलाय. सुईनं थोडा काढून तपासला, पण जंतू काही सापडेना, त्यामुळे नेमकं औषध ठरेना. इजिप्शियन सर्जननं मला विचारलं, आधी काही अँटिबायोटिक दिलं होतं का? मी ठामपणे "नो" म्हटलं. बाहेरून आणलेल्या औषधांचे इथले नियम कडक, माझी पाचावर धारण बसली होती.

ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना मात्र मला माझीच लाज वाटली. घरी मुलीला फोन लावला, "पिशवीतल्या त्या अँटिबायोटिकचा फोटो पाठव."

"मम्मा, विच वन? देअर आर लाइक ट्वेंटी!"

सर्जननं फोटो पाहिला. ओरडला नाही. "खलास, नाउ वी नो," म्हणाला; अरबीत खलास म्हणजे 'झालं, सोडा आता'. अर्धवट गोळ्यांनी जंतू दबले होते, म्हणून तपासणीत येत नव्हते. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "युअर हजबंड ऑल्सो सेड नो. आय आस्क्ड हिम ट्वाइस."



दुर्बिणीनं पू धुऊन काढला, औषध बदललं. छातीतल्या नळीतून बाटलीत येणारं गढूळ पाणी रोज कमी होत गेलं आणि पाचव्या दिवशी नळी निघाली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, म्हणून मी लगेच भांडायला घेतलं.

"मला पाठीशी घालायला कुणी सांगितलं होतं? जिवावर बेतलं असतं!"

"अगं, तुला पोलिसांनी नेलं असतं, तर मी बरा होऊन तरी काय करणार होतो?"

एवढं सगळं तो एका दमात बोलला. मी तिथेच, नर्ससमोर, हमसून हमसून रडले.