चार्जिंगचं बटन

हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही एवढं गिळून बाकीचं सांगितलं. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

सुमन माझी धाकटी जाऊ. वरकुट्याची लेक, आमच्या बावड्यात दिलेली. तिच्या हातची भाकरी काय सांगू! पातळ, टम्म फुगणारी. आणि माझी ताटात पडली की आमचे हे सगळ्यांदेखत म्हणायचे, "आज ट्रॅक्टरचं टायर वाढलंय जणू." सगळे हसायचे. सुमनपण, तोंडाला पदर लावून. तीस वर्षं ते हसू ऐकलं. म्हणून काय झालं? कुणाच्या घरात हसत नाहीत?

चार वर्षं झाली, गुऱ्हाळावर तिच्या उजव्या तळहातावर उकळती काकवी सांडली. काकवी चिकटते, निघते ती कातडी घेऊनच. पुण्याच्या दवाखान्यात नव्या इलाजासाठी तिला निवडलं. जखमेवर डिंकासारखी मऊ पट्टी — जखम तापली की पट्टी आपोआप औषध सोडायची. तिच्यात केसासारख्या तारा, आणि मनगटावर काडेपेटीएवढी डबी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या कातडीच्या पेशींना कुठं सरकायचं ते हा बारीक करंट दाखवतो. आपण शेतात दारं धरून पाणी वळवतो ना, तसं. पट्टी नीट चालली तर मूठ पुरती उघडंल.

डबी रोज दुपारी तासभर चार्जिंगला लावायची. एका हातानं सुमनला ती सुटायची नाही, म्हणून ते काम माझ्याकडं.

दुसऱ्याच दिवशी मिक्सरच्या प्लगला पिन लावली आणि बटन दाबायला विसरले. खरंच विसरले हो. ध्यानात आलं, सांगणारही होते — तेवढ्यात हे जेवायला बसले. सुमनचा हात बांधलेला, आता ताटात माझीच भाकरी. ती मोडली, गप खाल्ली, आणि म्हणाले, "जमाय लागली की तुला."

तिसऱ्या दिवशी बोट बटनावर होतं. मी ते काढून घेतलं.

मग रोजच. डबीला दिवा नव्हता, करंट अंगाला जाणवायचा नाही. सुमन विचारायची, "झाली का चार्ज, अक्का?" मी म्हणायची, "झाली की गं." आणि मऊ हातानं डबी बांधायची. हो, मऊ हातानं.

पंधरा दिवसांनी तपासणी. बाईंनी डबी कॉम्प्युटरला जोडली आणि आवाज चढवला, "पहिला दिवस सोडला तर ही बंदच आहे!" सुमननं माझ्याकडं बघितलं. जखम अजून उघडी होती — तेव्हा बोलले असते तर? मी बोलले. म्हणाले, "रोज सांगते हो मी, आण चार्जिंगला. ऐकतच न्हाय. काढून उशाशी ठेवती."

तिला सगळं कळलं. पण थोरल्या जावेला परक्यांसमोर खोटं पाडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ती नवी नवरी असताना मीच शिकवलेली. सुमननं मान खाली घातली. "चुकलं माझं, बाई."

नेम पाळला नाही म्हणून दवाखान्यानं पट्टी काढून घेतली. जखम भरली ती कशीही, कातडी ओढून. बोटं आत वळली ती वळलीच. घरी येऊन मी भाकरी थापायला बसले, आणि — सांगायला लाज वाटते — मला हलकं वाटलं.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. मेंदी काढणारी पोरगी सुमनच्या पुढ्यात बसली, तळहात उघडायला बघू लागली. सुमननं हात काढून घेतला. भरल्या घरात, हसत, माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, माझ्या वाटची तुमी काढा. मी न्हाय कुणाला सांगत."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा.

मी दोन्ही हात पुढं केले. दुसऱ्या दिवशी रंग काळाभोर चढला होता.