राजपाल गुरुजींच्या घराचा फॉर्म

मुरुमच्या शाळेतले राजपाल गुरुजी चालताना झोकांड्या खात. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला होता: पितात. गुरुजींनी तो कधी खोडला नाही. आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा नसांचा आजार आहे हे सांगण्यापेक्षा दारू बरी, असा त्यांचा हिशेब होता. लेक श्रावस्ती लग्नाला आलेली. हा आजार सहसा लेकरांत उतरत नाही, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टर काही स्थळं घेऊन येत नाहीत.

करोना आला तेव्हा त्याच डॉक्टरांनी बजावलं, "आजारापेक्षा त्यावरच्या औषधाची भीती आहे. दर सहा महिन्यांनी सलाईनमधून देतो ना, त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते. तुम्हाला करोना झाला तर जड जाईल. घरात बसा."

तेवढ्यात घरोघर सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. मुख्याध्यापक शिवलिंगप्पांनी सगळ्या शिक्षकांना विचारलं, "बीपी, शुगर, दुसरं काही? सांगा, नाव वगळतो." पाच हात वर गेले. गुरुजींचा खालीच राहिला.

"सांगितलंत ना?" घरी प्रीतीनं, बायकोनं, विचारलं.

"सांगितलं."

"मग ड्यूटी कशी लागली?"

"ऐकतंय कोण?"

आरोग्य केंद्राची आशाताई इरम्मा बरोबर असे. दारोदारी गुरुजी विचारत, "घरात कुणाला जुना आजार?" सगळी घरं ठणठणीत निघत. मग गुरुजी वर्गातला आवाज काढत, "आजार लपवणं म्हणजे स्वतःशी वैर आहे." हे वाक्य ते फार छान म्हणत. ते ऐकून दूध विकणाऱ्या जाईबाईनं चार शेजाऱ्यांदेखत सांगून टाकलं, "पंधरा वर्सांमागं टीबी झालता. बरा झाला."

गुरुजींनी वळणदार अक्षरात तसं लिहिलं. चौथ्या दिवशी स्वतःच्या घराचा फॉर्म भरला. जुना आजार: नाही.

दहाव्या दिवशी ताप आला. बाराव्या दिवशी ते दवाखान्यात ऑक्सिजनवर होते, आणि डॉक्टर विचारत होते, "कसली औषधं चालू आहेत?" प्रीतीनं सगळं सांगितलं. नोंदी घ्यायला आलेल्या इरम्मानं ऐकलं, हातातल्या गुरुजींच्या घराच्या फॉर्मकडं पाहिलं, आणि तो घडी करून पिशवीत घातला. रागावून बोलली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

अठ्ठावीस दिवसांनी ते घरी आले. आता एक पाय ओढावा लागत होता. शिवलिंगप्पा भेटायला आले, अंगणातच उभे राहिले. "म्हणजे पित नव्हतात?" त्यांचा आवाज थोडा हिरमुसला होता. "मी तर दोन वर्षं तुमच्यासाठी माणसांशी भांडलो, दारू सुटेल म्हणून." जाता जाता म्हणाले, "त्या जाईबाईचं दूध बंद केलंय गल्लीनं. टीबी म्हणे."

दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत, किटली घेऊन जाईबाईच्या दारात गेले.

"अर्धा लिटर द्या, मावशी."

"चालंल का तुमास्नी? टीबीवालीचं हाय."

"मलाही आजार आहे, मावशी. मोठा."

"व्हय, कळलं. इरम्मा म्हणली." ती माप धुवायला वळली. "कागदावर न्हाय लिवलंत म्हणं."

गुरुजींना ते छान वाक्य आठवलं. त्यांनी झाकण काढून किटली पुढं केली.

जाईबाईनं अर्धा लिटर मोजलं आणि नेहमीसारखी वरून थोडी धार सोडली. ती नको म्हणायचंही गुरुजींना धाडस झालं नाही.