एका पायावर किती वेळ

माझी बायको गेली त्याला वर्ष व्हायचं होतं, तेव्हा मुलाने मला रोह्याला आणलं. आमचं घर पेणच्या पलीकडे, खाडीला लागून. माझा जन्म तिथल्या मिठागरात गेला. मुलगा रोह्याला कंपनीत, शिफ्टवर. म्हणाला, "पावसाळाभर राहा बाबा, मग बघू."

ह्या 'मग बघू'चा मला तेव्हापासूनच संशय. ज्याला सरळ नाही म्हणायचं नसतं तो 'मग बघू' म्हणतो. मी स्वतः जन्मभर तेच केलंय. मुलाच्या मनात घराला कुलूप घालायचं आहे, हे मी ओळखलं. मला घरी जायचं होतं. एकट्याने राहायचं होतं. तिची भांडी तिथे, तिने लावलेली शेवग्याची फांदी तिथे. मी चार यत्ता शिकलेला माणूस, फार गोड लिहिता येत नाही. मला घरी जायचं होतं, एवढंच.

आठ दिवस झाले आणि सून म्हणाली, "बाबा, देवळामागच्या हॉलमध्ये सकाळी म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम असतो. जाऊन या. पैसे पडत नाहीत."

फुकट म्हटल्यावर मी अजून सावध झालो.

"कोण घेतं?"

"एक बाई आहेत. हाडांचं शिकलेल्या."

"तिला काय मिळतं त्यातून?"

"तुम्ही जाऊन विचारा की!"

गेलो. बारा-तेरा म्हातारे, चार म्हाताऱ्या, सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बाई तरुण, पंजाबी ड्रेसवाली, पायात कापडी बूट. खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा. परत उठा. टाचा उचला. मान हळू फिरवा. मला हसू आलं. मी मिठाच्या टोपल्या वाहिलेला माणूस, मला ही खुर्चीवर बसायला शिकवते! पण सातव्यांदा उठताना मांड्या थरथरायला लागल्या, तेव्हा हसू गेलं.

मग बाई म्हणाल्या, "बसून बसून पाय जातात. घरचे प्रेमाने बसवतात, आणि माणूस पडतो."

मी मान खाली घातली. हे हिला कोणी सांगितलं?

कारण माझी बायको तशीच गेली. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मीच म्हणालो, "बस गो आता. लय चाललीस." पाणी मी भरायला लागलो. बाजार मी करायचो. ती खाडीत खुबे-शिंपल्या काढायला निघाली की मी टोपली हातातून काढून घ्यायचो. ती म्हणायची, "बसून मी काय करू?" मी म्हणायचो, "राणीसारखी बस." तीन वर्षं तिला बसवली. मला वाटलं मी सुख देतोय. एका सकाळी मागच्या दाराचा उंबरठा ओलांडताना पडली. उंबरठा म्हणजे चार बोटं उंच. मांडीचा खुबा मोडला. चार महिने अंथरुणात, मग संपलं.

तर ते वाक्य मला उद्देशूनच होतं असं मी धरून चाललो. मुलाने बाईंच्या कानात घातलं असणार. तिसऱ्या दिवशी तर मुलगाच हॉलच्या दाराशी दिसला. शिफ्ट सुटल्यावर घरी यायचं सोडून तो बाईंशी हळू आवाजात बोलत होता. मला बघितलं आणि दोघं गप्प झाली.

पुढच्या सोमवारी बाईंनी फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली. लांब, सरळ. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत त्या पट्टीवरून चालायचं. बाई पलीकडच्या टोकाला कागद घेऊन उभ्या. तोंडाने काही बोलेनात. माझ्या अंगावर काटा आला.

तो काटा का आला ते सांगितलं पाहिजे. आमच्या आगरात हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम वयस्क माणसांची परीक्षा घ्यायचा. वाफ्यांच्या मधला बांध हातभर रुंद, वरून निसरडा, दोन्ही बाजूंना पाणी. डोक्यावर भरलेली टोपली द्यायचा आणि चालायला लावायचा. स्वतः पलीकडच्या टोकाला उभा. पाय डगमगला की तो फक्त मान हलवायचा. त्या माणसाचं काम त्या दिवशी संपलं. शिवी नाही, काही नाही.

एका वर्षी मला हिवताप होऊन गेलेला. पायात जीव नव्हता. बायको माझ्या मागोमाग आपली टोपली घेऊन बांधावर चढली. एका हाताने तिने माझ्या कमरेचा पंचा मागून घट्ट धरला. मुकादमाला पुढून दिसायचं ते फक्त दोन माणसं एकामागे एक. मी पार झालो. पुढे तिच्यासाठी मीही तेच केलं. आगरातले सगळेच करायचे. त्याला आम्ही कधी लबाडी म्हटलं नाही.

तर हा कागद म्हणजे मुकादमाची मान, हे मला लगेच समजलं.

बाईंनी वर अजून एक भर घातली. म्हणाल्या, "चालताना डोकंही चालवायचं. पेण ते रोहा स्टेशनं उलटी म्हणा."

"रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण." मी म्हटलं. पट्टी संपली तिथे मी पेणला पोचलो होतो. सगळे हसले. मला वाटलं, हीसुद्धा परीक्षाच. डोकं फिरलंय का ते बघतात.

त्यानंतर एका पायावर उभं राहायचं. भिंतीजवळ, पण हात न लावता. दोघादोघांच्या जोड्या, एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने आकडे मोजायचे आणि बाईंना सांगायचे. माझ्या जोडीला आला कोलाडकडचा एक म्हातारा. त्याची भाताची आणि वालाची शेती. मुलीकडे रोह्याला राहायचा. मुलगे त्याला शेतावर एकट्याला जाऊ देत नव्हते. तो मला मीठवाले म्हणायचा, मी त्याला भातवाले.

पहिल्यांदा उभा राहिलो तर मी पाचावर पाय टेकला.

"काय ओ मीठवाले, खारं पाणी उतरलं?" तो म्हणाला.

"आधी तू उभा राहा, मग बोल."

तो सहावर गेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, "भातवाले, हे सगळं घरी कळतं. तुझ्या पोराला आणि माझ्या पोराला."

"व्हय?"

"मग! कागद कशाला आहे? मी माणसं बघितलीत कागदवाली."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "तुम्ही माझे जरा घाईत मोजा. मी तुमचे मोजतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसं करायला लागलो. मी उभा राहिलो की तो एका श्वासात एक-दोन-तीन-चार करत पंचवीस गाठायचा. त्याचे मोजताना मी तर मधले आकडेच गाळायचो. दिवाळी जवळ आली तोवर आमचा दोघांचा आकडा चाळीस झाला होता. बाई खूश. म्हणाल्या, "ह्या दोन काकांकडे बघा जरा." भातवाल्याने मला डोळा मारला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मागून पंचा धरलाय असं वाटलं.

मुलगाही कागद बघून म्हणाला, "बाबा, चाळीस? छान आहे. येत्या रविवारी बसून ठरवू तुमच्या घरचं." म्हणजे माझा संशय खरा होता. आणि माझी युक्तीसुद्धा लागू पडली होती.

गुरुवारी भातवाला आला नाही. शुक्रवारी नाही. बाईंनी सांगितलं, तो शेतावर पडला. त्याने मुलग्यांना आपला आकडा सांगितला होता. चाळीस म्हटल्यावर त्यांनी अडवलं नाही. कापणी चाललेली. ह्याने डोक्यावर भाताचा भारा घेतला आणि शेताच्या बांधावरून चालायला लागला. दहा पावलं गेला नसेल.

मी दवाखान्यात गेलो. मनगट मोडलं होतं, दोन बरगड्यांना मार होता. श्वास घेताना तोंड वाकडं करत होता. मुलगी औषध आणायला गेली तसं त्याने मला जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नका, मीठवाले."

"अरे पण..."

"माझं झालं ते झालं. रविवार आलाय. तुम्ही घरी जा. तुमचं तरी होऊ दे."

मी बाहेर आलो आणि नदीकाठच्या बाकावर बसलो. माझ्यावर संशय घ्यायला आता कोणी उरलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर रविवारी संध्याकाळी घरी असतो. पण मला सारखा तो उंबरठा दिसत होता, चार बोटांचा. बायकोला मी काही वाईट व्हावं म्हणून बसवलं नव्हतं. ह्यालाही काही वाईट व्हावं म्हणून वाढवून आकडे दिले नव्हते. दोन्ही वेळा मी मदत करत होतो. बांधावर बायकोने माझा पंचा धरला होता तेव्हा ती माझ्या मागे होती. मी घसरलो असतो तर तिच्या हाताला ओढ लागली असती. ह्याच्या मागे शेतावर कोणीच नव्हतं. मी फक्त आकडा दिला आणि घरी बसलो.

शनिवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेलो. बाई खुर्च्या मांडत होत्या.

"बाई, आमचे चाळीस खोटे आहेत. माझे पण, त्याचे पण."

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मला वाटलं समजावतील. त्या चिडल्या.

"काका, त्या आकड्यावर मी त्यांना भिंत सोडून चालायला सांगितलं होतं! मी त्यांना पायऱ्या चढायला लावल्या!"

"चुकलं."

"का केलंत पण?"

मीही मग सोडलं नाही. म्हटलं, "तुम्ही आधी सांगा. माझ्या पोराने तुम्हाला काय विचारलं?"

त्या सरळ म्हणाल्या, "विचारलं की बाबा एकटे राहू शकतील का."

"बघा! मला माहीत होतं."

"मग त्यात चोरी काय आहे? त्यांनी विचारलं. तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

"आणि ते बसून पाय जातात, ते त्यानेच सांगितलं तुम्हाला? माझ्या बायकोचं?"

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं त्यांना?" म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. ते वाक्य त्या सगळ्यांना सांगत होत्या. इतके महिने मी ते माझ्या एकट्याच्या अंगावर घेऊन फिरलो. मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बाईमाणसासमोर रडायची मला सवय नाही, तरी रडलो.

त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आता खरं मोजू या. मी मोजते."

मी एक पाय उचलला. सात.

"अजून एक सांगू?" मी म्हटलं. "मला तळव्याखाली फरशी लागते का नाही ते नीट कळत नाही. दोन वर्षं झाली असतील. घरी कोणाला बोललो नाही."

"काका, हे आधी सांगायचं!" त्या परत चिडल्या. डॉक्टरकडे जायला सांगितलं, साखर तपासायला सांगितलं. आणि कागदावर चाळीस खोडून सात लिहिलं, माझ्यासमोर.

रविवारी मुलगा जेवायला बसला. त्याने विषय काढायच्या आधी मीच काढला. चाळीस नाहीत, सात आहेत. तळवे बधिर आहेत. भातवाला माझ्यामुळे पडला. सगळं ओकून टाकलं. शेवटी म्हटलं, "तुझ्या आईलाही मीच बसवली."

मुलगा भात कालवायचा थांबला.

"त्याच्याही आधी घरात नळ मी आणून दिला होता, बाबा," तो म्हणाला. "मला वाटलं, तिची पाण्याची खेप वाचेल."

सुनेने आमटी वाढली.

मग मुलगा म्हणाला, "तुम्हाला न सांगता बाईंना विचारलं, ते चुकलं."

"चुकलंच," मी म्हटलं.

अजून रोह्यालाच आहे. शनिवारी मुलाची सुट्टी असली की आम्ही दोघं पेणला जातो, रात्रीचे राहतो, घर झाडतो, परत येतो. साखर निघाली, गोळ्या चालू आहेत. भातवाला प्लास्टर निघाल्यावर हॉलवर यायला लागला. आता तो माझे आकडे इतके सावकाश मोजतो की मध्ये एक विडी ओढून होईल. मी शिव्या देतो. तो म्हणतो, "ओ मीठवाले, पाय खाली आला ना, बोलू नका."

परवा अकरापर्यंत गेलो. बाईंनी लिहिलं. मी चष्मा लावून वाकून बघितलं, अकराच लिहिलंय ना ते. रोज बघतो. मुलगा आता मला 'मग बघू' म्हणत नाही. म्हणतो, "कधी जायचं ते तुम्ही सांगा." अजून सांगितलेलं नाही.