गाळणीवाला

मला राग आला की आमची मुलं एकमेकांकडं बघून म्हणतात, "गाळणी आली." त्यांना हसू येतं, मला अजून येत नाही. माझा राग ज्वारीच्या भाकरीसारखा. गरम असताना मऊ, गार झाला की कडक. ही भाकरी तर सत्तरच्या दशकातली, आता तोडायला कुऱ्हाडच पाहिजे.

तेव्हा मी मानवतच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होतो. जिनिंगच्या भिंतीला लागून आमची वस्ती. कापसातून सरकी काढणारी सगळी यंत्रं एकाच मोठ्या मोटारीवर, पट्ट्यांनी फिरायची. मोटारीच्या कार्बन ब्रशांतून ठिणग्या उडायच्या आणि इकडं वस्तीतल्या रेडिओत लाह्या फुटायच्या. हंगामात बातम्या काय नि गाणी काय, सगळ्यांची चव एकच.

त्या साली आमच्या हिचं गाणं परभणीच्या रेडिओ केंद्रावर रेकॉर्ड झालं. विहारात गाणारी बाई, पण आपला आवाज बाहेरून कसा वाटतो हे तिला कुठून माहीत? गाणं दुपारी महिलांच्या कार्यक्रमात एकदाच लागणार होतं. टेपरेकॉर्डर अख्ख्या वस्तीत कुणाकडं नव्हता. म्हणजे ऐकलं तर तेव्हाच, आणि त्या वेळी नेमकी जिनिंग भरात असायची.

इलाज मला ठाऊक होता. मोटारीच्या तोंडाशीच कंडेन्सर आणि तारेच्या वेटोळ्याचा चोक बसवायचा, त्याच्या डब्याला चांगलं अर्थिंग द्यायचं. विजेतली खरखर तिथंच जमिनीत जाते, लाइनीत शिरत नाही. रेडिओच्या टोकाला लावून भागत नाही. ओढ्यात वर म्हशी बसल्यावर खाली फडकं धरून काय उपयोग?

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. फिल्टर म्हणालो तर त्यांना कळेना. मग माझ्यातला शहाणा जागा झाला आणि मी समजावलं, साहेब, फिल्टर म्हणजे विजेची गाळणी. झालं. त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि सगळ्यांदेखत त्याची चहाची गाळणी माझ्या हातात दिली.

"घे. लाव मोटारीला. चोथा निघाला की दाखव."

हमाल हसले, मुनीम हसला. जाताना साहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले, तुमच्या वस्तीत रेडिओ लय झाले आता. त्या 'तुमच्या'वर त्यांनी किंचित थांबा घेतला होता. गाळणीचं मी कधीच विसरलो असतो. हा थांबा विसरलो नाही.

त्या दिवसापासून मी गाळणीवाला. तरी मी हट्टाला पेटलो. परभणीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून कंडेन्सर आणले, जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर चोक गुंडाळला आणि सगळं वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवून जेवणाच्या सुट्टीत मोटारीला जोडलं. सुट्टी संपली, पट्टे फिरले, आणि भिंतीपलीकडून एक म्हातारा ओरडून विचारू लागला, आज जिनिंग बंद हाय काय? त्याच्या रेडिओत बातम्या स्वच्छ लागल्या होत्या. माझी कॉलर ताठ झाली.

गाणं लागायचं त्याच दिवशी सकाळी साहेबांना डबा दिसला. कंपनीच्या मोटारीला तुपाचा डबा? उद्या शेठ आले तर काय म्हणतील? त्यांनी माझ्याच हातानं तो काढायला लावला. मी काढला. नोकरी होती.

घरी ही वस्तीतल्या बायकांना घेऊन रेडिओपुढं बसली होती. मी दुपारी मोटारीच्या मेन स्विचपाशी उभा राहिलो. वेळ झाली तसा दांडा खाली ओढला.

पट्टे लटपटत थांबले. रुईची धूळ हळूहळू खाली बसली. त्या शांततेत भिंतीपलीकडून आमच्या हिचा आवाज आला. एका रेडिओतून नाही, वस्तीतल्या सगळ्याच रेडिओंतून. हमाल हातातलं ओझं टेकवून ऐकत राहिले. साहेब धावत आले.

"काय करायलास बे?"

"गाळायलोय, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. गाणं संपल्यावरच मी दांडा वर केला. साहेबांनी मला त्याच पावली बाहेर काढलं.

घरी आलो तर ही भिंतीला टेकून बसली होती. बायका गेल्या होत्या. नोकरी गेल्याचं सांगितलं. ती रेडिओकडं बघतच म्हणाली, "माझा आवाज असा हाय व्हय? मला वाटलं, लय जाड असंल."

पुढच्या हंगामात साहेबांना ऑफिसात क्रिकेटची कॉमेंट्री नीट ऐकू येईना, म्हणून मोटारीला कंपनीचा फिल्टर बसला. चकचकीत, रंग दिलेला. त्याला गाळणी कुणी म्हणालं नाही.